मनोविकाराची फाइल: कोणासाठी बंद, कोणासाठी उघडी

मनोविकार विभागाच्या ओपीडीत एक चित्र हमखास दिसतं. पेशंट बाहेर बाकड्यावर, वडील आणि भाऊ डॉक्टरांच्या खोलीत. फाइल भावाच्या पिशवीत. आजाराचं नाव भावाला माहीत, वहिनीला माहीत, साताऱ्याच्या आत्यालाही माहीत. ज्याला आजार आहे त्याला विचारावं, तर तो म्हणतो, ‘झोपेच्या गोळ्या चालू आहेत.’ यात कोणाचा हेतू वाईट असतो असं नाही. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उघडून पाहिला तर तिथे नेमकं उलट लिहिलंय: ही माहिती पेशंटसाठी उघडी आणि इतरांसाठी बंद. कुटुंबासाठी त्यात एक दार ठेवलंय, पण त्याची किल्ली कोणाला द्यायची हे पेशंटने ठरवायचं असतं.

हा कायदा २०१८पासून लागू आहे. त्याआधीचा १९८७चा कायदा मुख्यतः दाखल कसं करायचं आणि कोठडीवजा रुग्णालयं कशी चालवायची याबद्दल बोलायचा. नव्या कायद्याने पेशंटच्या हक्कांचं अख्खं प्रकरणच घातलं. माहितीच्या दृष्टीने त्यातली लागोपाठची चार कलमं लक्षात ठेवायची. कलम २२ म्हणजे पेशंटला माहिती मिळण्याचा हक्क, २३ म्हणजे गुप्ततेचा हक्क, २४ म्हणजे माध्यमं आणि डिजिटल नोंदी, आणि २५ म्हणजे स्वतःचे कागद मागण्याचा हक्क.

गुप्त म्हणजे काय काय

कलम २३ फक्त आजाराच्या नावापुरतं नाही. मानसिक आरोग्य, त्यासाठी घेतलेली सेवा, उपचार आणि शारीरिक उपचारसुद्धा त्यात येतात. म्हणजे ‘त्यांना बायपोलर आहे’ हे सांगणं जसं चूक, तसंच ‘हो, ते आमच्याकडेच येतात, मंगळवारी असतात’ हे काउंटरवरून फोनवर सांगणंही चूक. प्रत्यक्षात गुप्तता फुटते ती बहुतेक वेळा डॉक्टरांच्या तोंडून नाही, तर अशा साध्या उत्तरांतून. कधी प्रतीक्षालयात मोठ्याने पुकारलेलं नाव आणि त्यापाठोपाठ ‘समुपदेशन ना?’, कधी टेबलावर उघडं पडलेलं रजिस्टर, तर कधी नोंदणीच्या वेळी लिहून दिलेला चुकीचा मोबाइल नंबर.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबू. पहिल्या भेटीला सोबत आलेला माणूस केसपेपर काढतो आणि सवयीने स्वतःचा नंबर देतो. पुढे अपॉइंटमेंटची आठवण, बिल, रिपोर्टची लिंक, ओटीपी, सगळं त्या नंबरवर जातं. दोन वर्षांनी घटस्फोटाची बोलणी सुरू होतात आणि पेशंटचे सगळे रिपोर्ट नवऱ्याच्या फोनमध्ये असतात. यात रुग्णालयाने काही फोडलेलं नसतं. नंबर तोच होता. म्हणून पुढच्या भेटीला आधी काउंटरवर जाऊन नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल तपासा, स्वतःचा टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

बंधन कोणावर? उपचार करणाऱ्या सगळ्या आरोग्य व्यावसायिकांवर. डॉक्टरांवर त्याशिवाय वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेचंही बंधन आहे, आणि ते मोडलं तर राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. समुपदेशकांच्या बाबतीत मात्र सावध राहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसती ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावलेल्या प्रत्येकाची कुठे ना कुठे नोंदणी असतेच असं नाही. नोंदणी नसली तर तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचं हाच प्रश्न उरतो. तेव्हा पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि त्याच बैठकीत हेही विचारा की तुम्ही काय लिहून ठेवता, ते कुठे ठेवता आणि कोणाला दिसतं.

डॉक्टर कधी बोलू शकतात

गुप्ततेला अपवाद आहेत आणि ते कायद्यातच लिहिलेत. उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना माहिती देता येते. नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचं काम करण्यापुरती देता येते. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका असेल, किंवा जिवाला धोका असेल, तर देता येते. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ (या कायद्याखाली पेशंटचे अर्ज आणि तक्रारी ऐकणारं मंडळ; पुढे नुसतं ‘मंडळ’ म्हटलंय ते हेच), केंद्रीय मानसिक आरोग्य प्राधिकरण, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय किंवा तसा अधिकार असलेल्या दुसऱ्या वैधानिक यंत्रणेचा आदेश असेल तर द्यावीच लागते. सार्वजनिक सुरक्षिततेचाही एक अपवाद आहे. तो जरा सैल शब्दांत लिहिलाय, हे कबूल करावं लागेल.

धोक्याच्या अपवादात मात्र एक शब्द फार मोलाचा आहे: ‘आवश्यक तेवढीच’. समजा, एखादी मुलगी आत्महत्येचे विचार बोलून दाखवते आणि त्यामागचं कारण म्हणून एका नात्याबद्दल सांगते. डॉक्टर घरच्यांना बोलावून सांगू शकतात, नव्हे सांगायलाच हवं, की तिला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक हलवा, गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच हाताशी ठेवा, अमुक वाटलं तर लगेच घेऊन या. त्या नात्याची गोष्ट यातल्या एकाही सूचनेसाठी लागत नाही, म्हणून ती सांगायची नाही. पेशंटने एखाद्या ठरावीक माणसाला मारण्याची धमकी दिली, तर त्या माणसाला किंवा पोलिसांना धोक्याची कल्पना देता येते. पेशंटच्या लहानपणाची हकिकत नाही.

दोन ठिकाणी मात्र ‘हे आपल्यातच राहील’ असं वचन कोणालाच देता येत नाही. एक, १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं सक्तीचं आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. त्यातून ना डॉक्टर सुटतात, ना समुपदेशक, ना शाळेचे शिक्षक. चांगला समुपदेशक हे मुलाला बोलतं करण्याआधीच सांगतो, नंतर नाही. दुसरं, न्यायालय. वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवण्याचं जे संरक्षण पुराव्याच्या कायद्यात आहे, तसं डॉक्टरला नाही. न्यायाधीशाने आदेश दिला की उत्तर द्यावं लागतं. मात्र समोरच्या पक्षाच्या वकिलाने पाठवलेली नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. ही गल्लत छोट्या दवाखान्यांत फार होते. लेटरहेड पाहून घाबरून कागद दिले जातात.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालय पोलिसांना कळवतं, ती ‘एमएलसी’ची, म्हणजे मेडिको-लीगल केस नोंदवण्याची, पद्धत अजून चालू आहे. पण २०१७च्या कायद्याचं कलम ११५ असं धरून चालतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, उलट सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला नाही. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही नव्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलं नाही. त्यामुळे खटल्याच्या भीतीने ‘चुकून औषध पोटात गेलं’ असं सांगायची गरज नाही. खोटी हकिकत सांगितली की उपचारही चुकीच्या दिशेने जातात.

घरच्यांचं काय?

आपल्याकडे मनोविकाराची काळजी रुग्णालयापेक्षा घरच घेतं. गोळ्या आई देते, फेऱ्या भाऊ मारतो, पैसे वडील भरतात. त्यांना काहीच सांगायचं नाही म्हटलं तर उपचार चालणार कसे? कायद्याला हे माहीत आहे, आणि त्याचं उत्तर आहे ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, कलम १४.

१८ वर्षांवरची कोणतीही व्यक्ती असा प्रतिनिधी नेमू शकते. त्याला ना स्टॅम्प पेपर लागतो, ना नोटरी. साध्या कागदावर लिहायचं: मी, अमुक, वय, पत्ता, मानसिक आरोग्यसेवेच्या बाबतीत तमुक यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे. खाली तारीख आणि सही किंवा अंगठा. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याने हे काम स्वीकारत असल्याची लेखी संमती डॉक्टरांकडे द्यायला हवी. दोन प्रती करा, एक फाइलला लावा. मन बदललं तर केव्हाही दुसऱ्याला नेमता येतं.

प्रतिनिधी नातेवाईकच हवा असं नाही. मैत्रीण चालते, शेजारचे काका चालतात. आणि इथेच बहुतेकांना माहीत नसलेली मेख आहे. तुम्ही कोणालाच नेमलं नसेल तर कायदा क्रमाने पुढे जातो: आगाऊ निर्देशात, म्हणजे आजारपणात उपचार कसे हवेत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदात, कोणाचं नाव असेल तर ती व्यक्ती, नाहीतर नातेवाईक, नाहीतर काळजी घेणारी व्यक्ती, मग मंडळाने नेमलेली व्यक्ती. म्हणजे ज्या नातेवाइकाशी तुमचं पटत नाही, ज्याच्यापासूनच त्रास आहे, तोच आपोआप प्रतिनिधी ठरू शकतो आणि त्याला निदान व उपचारांची माहिती मागण्याचा अधिकार मिळतो. हे टाळायचं असेल तर बरं असताना कागद लिहून ठेवा. आजार उफाळल्यावर त्या कागदाची गरज पडते आणि नेमका तेव्हाच तो लिहिण्याची परिस्थिती नसते.

प्रतिनिधीलाही सगळं मिळत नाही. ‘त्याचं कर्तव्य पार पाडण्यासाठी’ असे शब्द कायद्यात आहेत. निदान, औषधं, दुष्परिणाम, घरी सोडताना काय काळजी घ्यायची, हे मिळेल. समुपदेशनाच्या बैठकीत बहिणीबद्दल काय बोललात, ते नाही.

प्रतिनिधी नसलेल्या नातेवाइकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांना दवाखान्यात ‘आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही’ असं कोरडं उत्तर मिळतं. गुप्तता डॉक्टरांच्या बोलण्यावर बंधन घालते, ऐकण्यावर नाही. ‘तो चार रात्री झोपला नाही, परवा पगाराचे सगळे पैसे वाटून टाकले, गोळ्या फेकतो’ ही माहिती घरच्यांनी द्यावी आणि डॉक्टरांनी घ्यावी, यात कुठलाच नियम मोडत नाही. लिहून द्या, तारखांसह. फक्त हे ध्यानात ठेवा की तुम्ही दिलेला कागद फाइलला लागतो आणि पेशंट ती फाइल मागू शकतो.

१८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत कायदेशीर पालक हाच प्रतिनिधी. पण सतरा वर्षांच्या मुलाला प्रत्येक वाक्य आईबाबांना कळतं असं वाटलं तर तो तिसऱ्या बैठकीपासून गप्प होतो. म्हणून सुरुवातीलाच तिघांनी बसून ठरवलेलं बरं: जिवाचा धोका, अत्याचार, नशा यांसारखं काही असेल तर पालकांना सांगणार, बाकीचं मुलाने सांगितलं तरच.

स्वतःची फाइल मागायची कशी

कलम २५ सांगतं, पेशंटला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. त्याची रीत २०१८च्या नियमांत दिलीय. निदान, तपासण्या, मूल्यमापन आणि उपचार यांची लिखित माहिती त्यात येते. त्यासाठी नियमांसोबत ‘प्रपत्र अ’ आहे. ते रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या किंवा प्रमुख मनोविकारतज्ज्ञाच्या नावे द्यायचं. दाखल असतानाच्या नोंदी अर्ज पोचल्यापासून १५ दिवसांत द्यायच्या असतात. शिवाय डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत असं कलम आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख केलेला चांगला.

छापील प्रपत्र हाताशी नसेल तर साध्या कागदावर असं लिहा: ‘मी दिनांक अमुक ते अमुक या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होतो / ओपीडीत उपचार घेतले. नोंदणी क्रमांक अमुक. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २५ आणि त्याखालील २०१८च्या नियमांनुसार माझ्या वैद्यकीय नोंदींची प्रत मिळावी.’ मग तुम्हाला नेमकं काय हवं ते मोजून लिहा: दाखल करतानाची नोंद आणि कोणत्या कलमाखाली दाखल केलं ते, डिस्चार्ज कार्ड, औषधांचा तक्ता, रक्ताचे रिपोर्ट, मानसशास्त्रीय चाचण्यांचा अहवाल, विद्युत उपचार म्हणजे ईसीटी दिली असल्यास तिची नोंद आणि संमतिपत्र. ‘संपूर्ण फाइल द्या’ असं मोघम लिहिलं की हातात डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पडते.

काम अडतं ते पुढच्या ठिकाणी. अर्ज बिलिंगच्या खिडकीवर तोंडी केला जातो आणि कुठेच नोंद राहत नाही. म्हणून दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. अर्जावर भावाची सही असते आणि रुग्णालय बरोबरच नाकारतं. सही पेशंटची हवी. ओळखपत्राची प्रत जोडलेली नसते. प्रती मिळतात, पण पानांवर क्रमांक आणि शिक्का नसतो, आणि पुढे विमा किंवा न्यायालयात त्यांची किंमत राहत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे उशीर. आचारसंहितेप्रमाणे दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणं बंधनकारक आहे. काही संस्था जास्त काळ ठेवतात, पण त्या भरवशावर राहू नका. डिस्चार्जनंतर महिन्याभरात मागून घेतलेले बरे.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं किंवा गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, अशा सरकारी ठिकाणी स्वतःच्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्जही चालतो. मुदत ३० दिवस. इतर कोणी तुमचे कागद माहिती अधिकारात मागितले तर ते वैयक्तिक माहिती म्हणून नाकारता येतात.

नोंदीतला काही भाग डॉक्टर रोखूनही ठेवू शकतात. कारणं दोनच: तो वाचून पेशंटला गंभीर मानसिक इजा होईल, किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा संभव आहे. दुसऱ्या कारणाचं उदाहरण सहज डोळ्यांसमोर येतं: बायकोने डॉक्टरांना एकटीने सांगितलंय की नवरा मारतो, आणि ते फाइलमध्ये आहे. ते पान नवऱ्याच्या हाती देणं धोक्याचंच. पण कायदा ‘विशिष्ट माहिती’ रोखू देतो, अख्खी फाइल नाही. आणि काही रोखलं असेल तर ‘हे मिळवण्यासाठी तुम्ही मंडळाकडे अर्ज करू शकता’ असं पेशंटला सांगणं ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. डॉक्टरांनाच पेच पडला तर तेही मंडळाकडे मार्गदर्शन मागू शकतात. ‘आमच्याकडे मानसिक पेशंटला पेपर देत नाहीत’ हे उत्तर मात्र यातल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही.

फाइल मागण्याची वेळ येण्याआधीच बरंच काही सांगितलं गेलं पाहिजे. दाखल होताना आजाराचं स्वरूप, उपचारांची योजना, औषधांचे ठाऊक असलेले दुष्परिणाम, कोणत्या तरतुदीखाली दाखल केलंय आणि त्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागता येते, हे पेशंटला त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायला हवं. नंदुरबारच्या माणसाला इंग्रजी संमतिपत्रावर अंगठा उठवायला लावणं म्हणजे माहिती देणं नव्हे. त्या क्षणी समजण्याची अवस्था नसेल तर प्रतिनिधीला लगेच सांगायचं आणि पेशंट सावरला की त्यालाही पूर्ण सांगायचं. हा दुसरा भाग जवळजवळ नेहमी राहून जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःहून विचारा.

फाइल बाहेर पडण्याच्या चोरवाटा

रजेचं सर्टिफिकेट ही त्यातली सगळ्यात वापरातली. ऑफिसला रजेचं कारण हवं असतं, निदान नको असतं. डॉक्टरांना आधीच सांगा की सर्टिफिकेटवर ‘माझ्या उपचाराखाली आहेत, अमुक तारखेपर्यंत विश्रांतीची गरज आहे’ एवढंच पुरेल का. बरेच डॉक्टर देतात. सरकारी नोकरीतल्या ठरावीक नमुन्यात आजाराची जागा असते, तिथे आस्थापनेकडे बंद पाकिटात देता येतं का ते विचारा. ‘व्हायरल ताप लिहून द्या’ असा आग्रह करू नका. खोटं सर्टिफिकेट हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे आणि तुमच्यासाठी नोकरीतली अडचण.

विमा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं कलम २१ सांगतं, आणि ऑगस्ट २०१८मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलंही. पण कॅशलेस मागितलं की निदान विमा कंपनीकडे आणि टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, जाणारच; तिथे गुप्ततेचा हट्ट धरून दावा मिळणार नाही. जपायचं ते वेगळंच. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दाव्याचे कागद एचआरच्या ईमेलवर पाठवण्याची सवय असते. ते थेट टीपीएच्या पोर्टलवर टाका. आणि नवी पॉलिसी घेताना आधीचा आजार लपवू नका. गुप्ततेचा हक्क म्हणजे प्रस्तावात खोटं लिहिण्याची मुभा नाही, आणि पहिल्या ६० महिन्यांत ते उघड झालं तर दावा बुडतो.

मेडिकलच्या दुकानात अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी एच-वन यादीतली औषधं घेतली की दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि गोळ्यांची संख्या लिहावी लागते, आणि ते रजिस्टर ३ वर्षं ठेवावं लागतं. नाव विचारलं म्हणून रागावू नका. त्याला ते चुकवता येत नाही. छोट्या गावात ही अडचण खरी आहे, आणि लोक त्यावर तालुक्याच्या ठिकाणाहून औषध आणण्याचा उपाय करतात, तो अगदी समजण्यासारखा आहे. फक्त अंतरामुळे गोळ्यांत खंड पडू देऊ नका.

आभा क्रमांक, म्हणजे १४ अंकी आरोग्य खातं, ऐच्छिक आहे. नोंदी रुग्णालयाकडेच राहतात आणि दुसऱ्याला दिसण्याआधी तुमची संमती मागितली जाते. त्या संमतीच्या पडद्यावर चार गोष्टी असतात: कोण मागतंय, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांच्या, आणि किती दिवसांसाठी. घाईत ‘मान्य’ दाबलं की दातांच्या डॉक्टरलाही मनोविकाराची डिस्चार्ज समरी जाऊ शकते. तारखा आणि प्रकार कमी करता येतात, संमती मागेही घेता येते. ओपीडीच्या रांगेत क्यूआर स्कॅन करून टोकन घेता तेव्हा मात्र जातं ते फक्त नाव, वय, पत्ता, फोन.

अ‍ॅपवरच्या समुपदेशनाला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागेल. त्याचे नियम २०२५मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. त्यातली एक कामाची गोष्ट म्हणजे संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणं सोपं असलं पाहिजे. तोवर अ‍ॅपमध्ये ऑफिसचा ईमेल वापरू नका, आणि अ‍ॅप ऑफिसनेच दिलं असेल तर कंपनीला नावानिशी काय दिसतं हे लेखी विचारा.

‘तिची फाइल द्या, केस आहे’

वैवाहिक वादात ही मागणी नेहमीची. नवरा किंवा बायको थेट डॉक्टरांकडे जाते: ‘आम्हीच तर आणलं होतं, बिल आम्ही भरलं, कागद द्या.’ बिल भरल्याने फाइलवर हक्क येत नाही. नुसता जोडीदार असल्यानेही येत नाही. न्यायालयाचा आदेश लागतो. वैवाहिक दाव्यात न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली शारदा विरुद्ध धर्मपाल खटल्यात सांगितलंय. तेव्हा ‘मी कधीच दाखवणार नाही’ हा पवित्रा शेवटपर्यंत टिकेलच असं नाही.

पण कागद पुढे आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. कलम ३ स्पष्ट म्हणतं की पूर्वी उपचार घेतले वा दाखल होता एवढ्यावरून आज मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही, आणि आजार आहे म्हणजे व्यक्ती ‘वेडी’ असाही अर्थ होत नाही. ते न्यायालयाने जाहीर करावं लागतं. आणि कलम १०५: खटल्यात कोणी मानसिक आजाराचा पुरावा दाखल केला आणि समोरच्याने तो नाकारला, तर न्यायालयाने ते प्रकरण पुनर्विलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवायचं असतं. हे कलम वकिलांच्याही सहज ध्यानात येत नाही. आपण आठवण करून द्यावी.

फुटलंच तर

पेशंटचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देणं कलम २४ने बंद केलंय आणि तेच कलम गुप्ततेचा हक्क डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही लावतं. त्यामुळे वॉर्डातला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणारा कर्मचारी यातून सुटत नाही. कायदा मोडल्याची शिक्षा पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा मोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार ते ५ लाख दंड, किंवा दोन्ही.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे रुग्णालयाचे प्रमुख, लेखी. स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, कोणी कोणाला सांगितलं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचे असतात. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य स्वतः आजारातून गेलेले, काळजी घेणारे किंवा स्वयंसेवी संस्थांचे. अर्जाला फी नाही. दाखल करण्याविरुद्धच्या काही अर्जांना ७ दिवसांची, काहींना २१ दिवसांची मुदत आहे, इतर अर्जांना ९० दिवसांची. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालय. मंडळाचा पत्ता सापडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. मोफत वकील हा या कायद्याने दिलेला हक्क आहे.

डॉक्टरविरुद्ध राज्याचं मेडिकल कौन्सिल आणि भरपाईसाठी ग्राहक आयोग हे मार्गही मोकळे आहेत. पण तक्रार कुठे करायची ते ठरवताना एक फरक पाहा. मंडळाची सुनावणी बंद दाराआड होते, तसं कायद्यातच लिहिलंय. ग्राहक आयोगाचे आदेश मात्र नावांसह ऑनलाइन वाचायला मिळतात. तिथे गेलातच, तर तक्रारीत निदान न लिहिता ‘माझ्या उपचारांची गोपनीय माहिती’ एवढंच लिहा, कागद बंद पाकिटात द्या आणि आदेशात नाव न छापण्याची विनंती पहिल्याच तारखेला लेखी करा.